डाव्या कानशिलावरचे केस

त्याला सगळे भिंगरी म्हणत. पाळण्यातलं नाव होतं, पण ते फक्त बायको घेई, तेही रागावली असेल तर. केस कापताना हा माणूस खुर्चीभोवती इतक्या फेऱ्या मारी की एकदा एका निवृत्त गणितमास्तरांनी त्या मोजल्या आणि उठता उठता सांगितलं, "एकतीस. दाढी धरून चव्वेचाळीस." भिंगरीला त्याचं काहीच वाटलं नाही. तोवर तो फवाऱ्यात पाणी भरायला गेलेला होता.

पायांना स्वस्थता नव्हती, पण हातांना होती. पाय सैरभैर आणि हात शांत, जणू त्या दोघांचं आपसात बोलणंच नव्हतं. कात्री कानाजवळ आली की गिऱ्हाईक डोळे मिटी ते झोपेने, भीतीने नव्हे. हे हात त्याने वडिलांकडून घेतले होते आणि हातांबरोबर एक नियमही घेतला होता. वडील म्हणत, "डोक्यावर दिसलेलं डोक्यावरच ठेवायचं." कुणाला टक्कल पडायला लागलेलं असतं, कुणाच्या टाळूवर जुने टाके असतात, कुणाच्या मानेवर चट्टा असतो. माणूस आपल्यापुढे मान झुकवून बसतो, तेव्हा त्याची लाज आपल्या हातात असते. जमलं तर केसांनी झाकायची, नाही जमलं तर आपण पाहिलंच नाही असं दाखवायचं. भिंगरीने हा नियम तीस वर्षं काटेकोर पाळला. तोंडाने तो जगातलं काहीही बोले, पण डोक्यांविषयी अवाक्षर काढत नसे.

दुकानाला लागून फोटो स्टुडिओ होता. फोटोवाला आणि भिंगरी दोघांनी एकाच वर्षी शटर उघडलं होतं, त्याला बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक इकडे केस कापून घेई आणि तिकडे जाऊन फोटोला बसे. फोटोवाला चांगला ताडमाड, सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा. भिंगरीची दहा वाक्यं होईपर्यंत त्याचं एक व्हायचं. त्याचं ठरलेलं वाक्य अख्ख्या रस्त्याला पाठ होतं: "मान सरळ. हनुवटी खाली. आता श्वास सोडा." तोंडी सांगून जमलं नाही तर तो जवळ येऊन दोन बोटांनी समोरच्याची मान सरळ करी. हजारो माना त्याने सरळ केल्या असतील. स्वतःचा फोटो मात्र त्याच्याकडे एकही नव्हता. दुसऱ्यांचे चेहरे बघून पोट भरणाऱ्याला स्वतःचा चेहरा बघायचा कंटाळाच असतो.

या फोटोवाल्याच्या डाव्या कानशिलावर, कानाच्या जरा वर, एक उंचवटा होता. टेंगूळ नव्हे. हाडच तिथे बाहेरच्या अंगाला फुगलेलं, तळहाताच्या खोलगट भागात बरोबर मावेल एवढं. पहिल्याच कटिंगला भिंगरीच्या हाताला तो लागला. त्याने काही विचारलं नाही. त्या बाजूचे केस तेवढे दोन बोटं लांब ठेवले, उजवीकडचे त्याच्याशी जुळवून घेतले, आणि डोकं असं काही गोल उठून दिसलं की भिंगरी स्वतःवरच खूश झाला. पुढे बावीस वर्षं तो दर महिन्याला हेच करत आला. शेवटी लहान आरसा धरताना तो मागून दाखवी, उजवीकडून दाखवी, आणि डावीकडे येता येता आरसा खाली करी. फोटोवाल्याच्या हाताला तो जन्माचाच, म्हणून अंगवळणी पडलेला; पण तो किती मोठा दिसतो याचा त्याला कधी पत्ता लागला नाही. लागू द्यायचा नाही, हीच तर कारागिरी होती.

दुपारी एक ते दोन भिंगरी शटर अर्धं खाली ओढी. त्या तासात फोटोवाला दोन्ही हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन वाकून आत येई. कितीदा वाकला असेल त्याची गणती नाही. त्याच्या कमरेला ते माप पाठ झालं होतं. एका दुपारी ऊन सरळ आरशावर येऊन डोळ्यांत घुसायला लागलं म्हणून भिंगरीने शटर आणखी वीतभर खाली ओढलं आणि तो आत वस्तरे धुवायला गेला. फोटोवाला आला, रोजच्या मापाने वाकला, आणि शटरची खालची पट्टी त्याच्या डाव्या कानाच्या जरा वर खाडकन बसली.

"अरे, मेलास की काय?" भिंगरी धावला.

"चहा सांडला नाही," फोटोवाला म्हणाला.

खरंच सांडला नव्हता. दोघांनी त्याचंच कौतुक केलं. भिंगरीने थंड पाण्याचा टॉवेल लावला. रक्त नाही, खोक नाही, साधं टेंगूळही नाही. चहा पिऊन फोटोवाला उठला आणि जाताना शटरला नमस्कार करून खूप खाली वाकला. त्यावर दोघं हसले. संध्याकाळपर्यंत तो ते विसरूनही गेला.

आठवड्याने त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी जास्त, दुपारी कमी. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं ठरलं तेव्हा भिंगरीही बरोबर गेला, कारण दुसऱ्याच्या दुखण्यातही याला जागेवर बसवत नसे. डॉक्टरांनी डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला, झोप होते का विचारलं. मग लिहिता लिहिता म्हणाले, "डोक्याला मार वगैरे लागला होता का?"

"छे," फोटोवाला म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला आठवतच नव्हतं.

भिंगरीला आठवत होतं. तो दाराजवळ उभा राहून पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होता. शटर त्याचं होतं, ते वीतभर खाली त्याने ओढलं होतं. त्याने मनात म्हटलं, त्याला काय मार म्हणायचं? चहासुद्धा सांडला नाही! तोंड उघडलं तर उगाच राईचा पर्वत होईल. एरवी ज्याची जीभ टाळूला लागत नसे त्याची त्या दिवशी नेमकी टाळूला चिकटली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणाले, आणि दोघं बाहेर आले.

त्या दिवसापासून भिंगरीच्या मनात पाल चुकचुकत राहिली. गिऱ्हाईक अर्धं सोडून तो पलीकडे डोकावून येई. "कसं आहे?" "आहे." परत येई, दोन कात्र्या चालवी, पुन्हा जाई. एका माणसाच्या तर एकाच गालाला साबण लावून हा दहा मिनिटं गायब. बायको म्हणाली, "आधीच भिंगरी, त्यात कुणी दोरी ओढली?" तिलाही त्याने सांगितलं नाही.

मग त्याने आपल्याला येत होतं ते केलं. रोज संध्याकाळी फोटोवाल्याला खुर्चीत बसवून तो चंपी करायला लागला. कोमट तेल, दोन्ही अंगठे कानशिलांवर, मग मानेच्या मणक्यांवरून खाली, शेवटी हलक्या हाताने टपटप. फोटोवाला डोळे मिटून म्हणे, "तुझ्या हाताला गुण आहे बघ." संध्याकाळपुरतं खरंच बरं वाटायचं. सकाळी पुन्हा तेच, कालच्यापेक्षा थोडं जास्त. दुसऱ्या कुणी डोकं दुखतंय म्हटलं असतं तर भिंगरीने त्याला मोठ्या दवाखान्यात हाकललं असतं. पण ज्याच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणतात, त्याला त्या हाताच्या पलीकडचं दिसत नाही. भिंगरी चोळत राहिला. सबंध तळवा त्या उंचवट्यावरून रोज फिरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

तिसऱ्या आठवड्यात स्टुडिओसमोर भांडण झालं. सहा जणांचे फोटो सरकारी कचेरीने परत पाठवले होते. कारण एकच: मान वाकडी. एक बाई तावातावाने फोटो नाचवत होती. "आम्ही नीट बसलो होतो! तुम्हीच म्हणालात मान सरळ!" फोटोवाला फोटो हातात घेऊन बघत होता आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. भिंगरी मध्ये पडला. त्याने सहाही फोटो टेबलावर ओळीने मांडले. सहा डोकी एकाच बाजूला कललेली, वाऱ्यावरच्या गवतासारखी.

"स्टँड ढिला झालाय तुझा," भिंगरीने निकाल दिला. दोघांनी मिळून कॅमेऱ्याचा स्टँड तपासला. वरचा स्क्रू खरोखरच सैल होता. भिंगरीने तो आवळला, वर स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि हात झटकले. स्क्रू सैल का राहिला, बावीस वर्षं जो उजवा हात तो आवळत होता तो आता का आवळत नाही, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. मोठे शहाणे!

शटरच्या त्या दुपारनंतर तेविसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, फोटोवाला महिन्याच्या कटिंगला आला. भिंगरीने कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि मान सरळ केली. कंगवा घेऊन वळला तर मान उजवीकडे. पुन्हा दोन बोटांनी सरळ केली. कात्री उचलेपर्यंत पुन्हा उजवीकडे.

"झोपलास का रे?"

"नाही. जरा... जड."

भिंगरीने तिसऱ्यांदा मान सरळ केली आणि बोटं तशीच ठेवली. बोटांखाली ती मान हळूहळू कलत होती, मालकाला न विचारता. त्याने आरशात बघितलं. कापडाच्या वर दिसणारी सदऱ्याची कॉलर एका बाजूला चढलेली, म्हणजे बटणं एकेक घर चुकली होती. दाढी डाव्या गालाची स्वच्छ आणि उजव्या गालावर खुंटांचा अख्खा पट्टा राहिलेला. हा माणूस दुसऱ्याच्या कॉलरची घडी नीट केल्याशिवाय बटण दाबत नसे.

"ते दे ना," फोटोवाला म्हणाला.

"काय देऊ?"

"ते." त्याने डाव्या हाताने दाखवलं. "ते. बघायचं."

त्याला आरसा हवा होता. तिन्ही भिंतींना आरसे लावलेल्या दुकानात बसून त्याला आरसा हा शब्द सापडत नव्हता. भिंगरीचे पाय थांबले. एकतिसावी फेरी राहिली, पहिलीसुद्धा पुरी झाली नाही. त्याने कात्री खाली ठेवली.

"उठ," तो म्हणाला.

समोरच्या औषधवाल्याची गाडी होती. मोठ्या दवाखान्याच्या दारात उतरले तेव्हा फोटोवाल्याच्या गळ्यात केस कापायचं कापड तसंच होतं आणि भिंगरीच्या कानावर कंगवा. निघतानाच फोन केला होता म्हणून वहिनीही, म्हणजे फोटोवाल्याची बायको, शाळेच्या ग्रंथालयातल्या कामावरून धावत पोहोचल्या. तातडीच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने लहान, बोलायला चटपटीत. त्यांनी दोन्ही हात वर धरायला सांगितले. उजवा हात हळूहळू खाली आला.

"डोक्याला मार लागला होता?"

फोटोवाल्याने नकारार्थी मान हलवली.

"लागला होता," भिंगरी म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या खाटेवरचा माणूसही वळला. "माझ्या दुकानात. माझ्या शटरला. ते मीच खाली ओढलं होतं. आज तेवीस दिवस. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होतो आणि बोललो नाही. आणि इथे," त्याने फोटोवाल्याच्या डाव्या केसांत बोटं घातली, "इथे हाड वर आलेलं आहे. ते शटरचं नव्हे, ते पूर्वीपासूनचं. हात लावून बघा."

डॉक्टरीणबाईंनी हात लावला. त्यांचा चेहरा बदलला आणि त्या उठल्या. दहा मिनिटांत फोटोवाल्याला स्कॅनला नेलं.

स्कॅन पडद्यावर लावून त्यांनी वहिनींना आणि भिंगरीला बोलावलं. "मेंदूवर पातळ आवरणं असतात. त्यातल्या एका आवरणात ही पाण्याची पिशवी आहे. जन्मापासूनची. कॅन्सर वगैरे काही नाही. अशी कित्येकांच्या डोक्यात असते आणि आयुष्यभर कुणाला पत्ता लागत नाही. हिच्या दाबाने लहानपणीच वरचं हाड फुगलं. पण हिच्यावरून बारीक शिरा ताणलेल्या जातात. क्वचित कधीतरी साधा धक्काही त्यांना पुरतो. मग रक्त झिरपत राहतं, थोडं थोडं, आठवडे." त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. एवढं साठलंय. मेंदू इकडे सरकलाय. आत्ताच काढायला हवं."

"मी रोज चंपी करत होतो," भिंगरी म्हणाला. "त्याने झालं का?"

"चोळल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही." त्या थांबल्या. "पण चोळण्यात दिवस गेले."

डोकं भादरायला वॉर्डातला माणूस मशीन घेऊन आला. भिंगरीने ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. "मी काढतो. बावीस वर्षं हे डोकं माझं आहे." नर्सने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, काढू दे, लवकर. त्याने काढले. पायांना काही फेरीची जागा नव्हती, खाटेच्या एका बाजूला उभं राहूनच काढले. दोन बोटं लांब ठेवलेले ते केस, महिन्याच्या महिन्याला जपलेले, तीन झटक्यांत उशीवर पडले आणि उंचवटा उघडा पडला.

वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. अठरा वर्षं संसार झाला होता. "भाऊजी, हे एवढं होतं?"

"पहिल्यापासून आहे."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

वहिनींनी शिव्या घातल्या असत्या तर भिंगरीला सोसलं असतं. त्यांनी फक्त उशीवरचे केस गोळा केले आणि पदराच्या टोकात धरून ठेवले, कारण टाकायचे कुठे ते त्यांना सुचत नव्हतं.

मग वाट पाहणं. भिंगरीने बाहेरच्या खुर्च्या ओळीत लावल्या. भिंतीवरची वाकडी पाटी सरळ केली. पाण्याच्या यंत्राशी जाऊन तीन पेले पाणी प्याला आणि चौथा भरून तसाच ठेवला. पहारेकरी म्हणाला, "काका, एका जागी बसा की." तो बसला, उठला, पुन्हा बसला. वहिनी हललेल्या नव्हत्या. शेवटी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येत होतं. तेवढ्यासाठी ओढलं हो मी शटर."

"शटरचं सोडा," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

तो तिथेच उभा राहिला.

ऑपरेशनला मदतीला आत गेलेल्या डॉक्टरीणबाई चार वाजता बाहेर आल्या. टोपी काढत म्हणाल्या, "रक्त निघालं. मेंदू परत जागेवर येतोय. हात हलवला त्यांनी." वहिनी खुर्चीतच वाकून रडल्या. भिंगरी डॉक्टरीणबाईंच्या मागे पार जिन्यापर्यंत गेला.

"एक विचारू? मी त्याला हे आधी सांगितलं असतं, दहा वर्षांपूर्वी, तर तुम्ही काय केलं असतं? ऑपरेशन?"

"नाही. पिशवी त्रास देत नसेल तर तिला हात लावत नाही. एवढंच सांगितलं असतं, की डोक्याला काही लागलं तर थांबू नका."

त्या जिना उतरून गेल्या. एका वाक्याचं काम होतं. भिंगरीने ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसला. बराच वेळ बसला. पहारेकऱ्याने दोनदा वाकून बघितलं, काकांना काही झालं की काय म्हणून.

पुढचे काही महिने भिंगरीच्या दुकानात बसणाऱ्यांचे हाल झाले. त्याने वडिलांचा नियम मोडला तो असा मोडला की बोलायची सोय नाही. "हा तीळ कधीपासून आहे? डॉक्टरला दाखवलाय?" "इथे खोक पडली होती का? कशाने?" गणितमास्तर भडकले. "मी केस कापायला आलोय की तपासून घ्यायला?" ते दुसरीकडे जायला लागले. सहा आठवड्यांनी परत आले, मानेवरचा तो तीळ काढून टाकल्याची पट्टी लावून, आणि त्याविषयी एक अक्षर न बोलता खुर्चीत बसले. शटर दुपारीही पूर्ण वर असे. ऊन आरशात येई, भिंगरी डोळे बारीक करून चहा पिई. एकटाच, कारण फोटोवाला घरी होता. वहिनींनी भिंगरीला घरी बोलावलं नव्हतं आणि न बोलावता जायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

चौथ्या महिन्यात, एका दुपारी एक वाजता, फोटोवाला दोन ग्लास घेऊन दारात उभा राहिला. शटर पूर्ण वर होतं, तरी जुन्या सवयीने वाकूनच आत आला. केस वेडेवाकडे वाढले होते. चहा प्यायला आणि न विचारता खुर्चीत बसला.

भिंगरीने कापड बांधलं. कंगवा घेतला, ठेवला, कात्री घेतली, ठेवली.

"आधी मला दाखव," फोटोवाला म्हणाला. बोलणं पूर्वीपेक्षाही सावकाश झालं होतं, पण शब्द जागच्या जागी होते. "आरसा घे आणि दाखव."

भिंगरीने लहान आरसा उचलला आणि पहिल्यांदाच डावीकडे नेला. फोटोवाला बघत राहिला. व्रण बघितला, उंचवटा बघितला, फोटो तपासावा तसा.

"एवढं मोठं होतं?"

"एवढंच. वाढलं नाही."

"बावीस वर्षं तू झाकत होतास."

"हो."

"का रे?"

भिंगरीजवळ वडिलांचा नियम होता, तो सांगता आला असता. तो म्हणाला, "तू छान दिसायचास."

डोळे पुसायला फोटोवाल्याने कापडाखालून हात काढला, उजवा हात, आणि अजून एकही केस पडला नव्हता तरी कापड उगाचच झटकलं.

"आता आखूड काप," तो म्हणाला. "दोन्हीकडे सारखं. कुठे पडलो, आपटलो, तर उचलणाऱ्याला दिसलं पाहिजे."

भिंगरीने कापले. एकतीस फेऱ्या झाल्या का, कुणी मोजल्या नाहीत. शेवटी त्याने आरसा मागून दाखवला, उजवीकडून दाखवला, आणि डावीकडे नेऊन फोटोवाला बस म्हणेपर्यंत धरून ठेवला.